शालनबाईंचे कोटी चिमटे

रेवा पहिल्यांदा कशालाही न धरता उभी राहिली, त्या दिवशी सकाळी तिच्या आईनं एक कोटी चिमटे पाहिले होते.

चिमटे म्हणजे आपले साधे, दोरीवर कपडे वाळत घालायचे. प्लास्टिकची दोन पाती आणि मध्ये तारेची स्प्रिंग. प्रांजल चौगुले प्रयोगशाळेतून कुपवाडच्या घरी परतली तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. पुढच्या सोप्यात तिची सासू, शालनबाई, मांडी घालून बसली होती. पुढ्यात पिवळ्या पात्यांचा ढीग, उजव्या हाताला स्प्रिंगांचं ताट. दहा महिन्यांची रेवा पोत्याच्या कडेला धरून उभी होती. तिनं पोतं सोडलं. डुलली, सावरली आणि दोन्ही हात हवेत पसरून तशीच उभी राहिली.

"आगं बघ बघ, उभारली!" शालनबाईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "काय न धरता उभारली बघ बया माझी."

प्रांजलनं बघितलं. "हो की," म्हणाली, चपला काढल्या आणि हात धुवायला मोरीकडे गेली.

नळ सोडल्यावर ती थबकली. आत्ता काहीतरी व्हायला हवं होतं. रेवाला उचलून घ्यायला हवं होतं, निदान मोबाईल तरी शोधायला हवा होता. रेवावरचं तिचं प्रेम आटलं होतं असं मुळीच नाही; पोर पडली असती तर ती चपलेसकट धावली असती. पण एक मूल, एकदा, उभं राहिलं. त्या 'एक'ला कुठे काही वजनच लागेना.

नळाचं पाणी वाहत राहिलं.

*

ओंजळभर चिंचोके घ्या आणि त्यातले थोडे जमिनीवर टाका. तीन पडले, चार पडले, तर मोजावे लागत नाहीत. नजर पडली की कळतं. सहा-सातच्या पुढे अंदाज सुरू होतो. पाच आणि दहा यांतला फरक लांबूनही ओळखता येतो, एकशे पाच आणि एकशे दहा यांतला येत नाही. मेंदूत, कानाच्या वर आणि जरा मागे, संख्या जोखणाऱ्या पेशी असतात. काही 'एक' दिसला की पेटतात, काही 'दोन'ला, काही 'वीसेक'ला. आकडा वाढत जातो तशा त्या ढोबळ होत जातात. लाख आणि कोटी यांना तिथं घरच नाही. ते आपल्याला नुसते नावानं ठाऊक असतात, जसं न पाहिलेल्या गावाचं नाव ठाऊक असावं.

संख्यादर्शनाची टोपी निघाली ती या घराची सोय करायला. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी ती नेमक्या त्या पेशींवर सोडते आणि चार मिनिटांपुरती त्यांची पट्टी वर सरकवते. 'चार'ला पेटणारी पेशी तेवढा वेळ चाळीस लाखांना पेटते. समोरच्या पडद्यावर कोटी वस्तू मांडा; टोपी घातलेल्या माणसाला त्या मोजाव्या लागत नाहीत, चार चिंचोक्यांसारख्या एका नजरेत कळतात. सुरुवातीला ही टोपी आकाशातले तारे दाखवायला वापरली गेली. मग मोठमोठ्या कंपन्या आपल्या वर्धापनदिनाला असं दर्शन ठेवू लागल्या.

त्याचा एक लहानसा त्रास होता. रणरणत्या उन्हातून माजघरात आलं की थोडा वेळ काही दिसत नाही, तसं टोपी काढल्यावर लहान आकडे तासभर फिके वाटत. तासाभरानं सगळं ठिकाणावर येई. निदान पुस्तिकेत तसं लिहिलं होतं.

प्रांजल सांगलीच्या प्रयोगशाळेत मांडणीचं काम करायची. पडद्यावर वस्तू कशा रचल्या म्हणजे पहिल्यांदा टोपी घालणाऱ्यालाही चार मिनिटांत आकडा पोचेल, हे ठरवणं तिच्याकडे होतं. आणि ते टोपी घालून बसल्याशिवाय ठरत नाही. मैना छाप चिमट्यांच्या कारखान्याला तीस वर्षं होत होती. तीस वर्षांत शहाण्णव कोटी चिमटे देशभर गेले होते. या दर्शनासाठी ती दोन महिन्यांत एक्केचाळीस वेळा टोपीत बसली होती.

*

खरं तर या सगळ्याच्या मुळाशी शालनबाईच होत्या.

कारखान्यात फक्त पाती आणि स्प्रिंगा तयार होतात. जोडणी होते घराघरांत. पोतं घरी येतं, बायका घरची कामं उरकून बसतात, खट् खट् चिमटे जोडतात, बाराबाराची पाकिटं भरतात आणि पोतं परत जातं. शालनबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून हे करत होत्या. दिवसाला सव्वाशे पाकिटं.

कारखान्यानं जाहिरातीचा एक कागद पोत्याबरोबर घरी पाठवला होता. त्यावर पृथ्वीचं चित्र आणि तिच्याभोवती चिमट्यांची माळ. शहाण्णव कोटी चिमटे एकापुढे एक लावले, तर पृथ्वीला दीड वेढा घालून वर उरतील, असं लिहिलेलं.

शालनबाईंनी कागद लांब धरून बघितला. "पृथ्वीला चिमटं लावून काय वाळत घालायचंय ह्यास्नी?"

"तसं नाही ओ, आत्या." सासूला आत्या म्हणायची त्यांच्याकडची रीत. "किती झाले ते लोकांना कळावं म्हणून."

"मग मला माझं सांग की. मी केलेलं किती?"

प्रांजलनं तिथंच हिशेब केला. दिवसाला दीड हजार, वर्षाचे तीनशे दिवस, तीस वर्षं. "एक कोटी पस्तीस लाख."

शालनबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे किती?"

सेकंदाला एक असं मोजत बसलं, न झोपता, तर पाच महिने लागतील असं प्रांजलनं सांगून पाहिलं. शालनबाई म्हणाल्या, "पाच महिनं म्हंजे किती ते कळलं. चिमटं न्हाई कळलं." दुसऱ्या दिवशी प्रांजलनं कारखान्याच्या मगदूम साहेबांना फोन केला. दर्शन ठेवायचंच असेल तर ते व्यापाऱ्यांना नको, जोडणीच्या बायकांना दाखवू या, असं तिनं सांगितलं. मगदूम तरुण होता, हौशी होता. तो हो म्हणाला.

आणि त्या सकाळी, एक्केचाळिसाव्या खेपेला, मांडणी पहिल्यांदा जमून आली होती. पडद्यावर पिवळं रान पसरलं होतं, क्षितिजापर्यंत. टोपीतून प्रांजलला ते कळलं. एका बाईच्या दोन अंगठ्यांनी केलेलं एवढं सगळं. कुठल्या कुठल्या गच्चीवर, चाळीच्या गॅलरीत, वसतिगृहाच्या खिडकीत, दवाखान्याच्या मागच्या अंगणात यातला एकेक चिमटा वारा सोसत कुणाचा शर्ट, कुणाचं दुपटं धरून उभा असेल. पडदा विझला तेव्हा तिचे गाल ओले होते. हे आत्यांना दाखवायचंच, असं म्हणत ती घरी आली होती.

आणि मग रेवा उभी राहिली होती.

*

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या डॉक्टर इनामदारबाईंनी तिला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका आला आणि गेला.

"दिसला?"

"दिसला की."

"डोळ्यांना दिसला." इनामदारबाईंनी आलेख तिच्याकडे वळवला. त्यावर दर आकड्याच्या पेशींची एकेक टेकडी असे; दोनाची बुटकी झाली होती. एकाच्या जागी सपाट रेघ. "तासाभरानं परत येतं ते चार-सहा वेळा बसणाऱ्याचं. एक्केचाळीस वेळा बसलेलं कुणी आमच्याकडे नव्हतंच. चुकलं माझं, मी आधीच थांबवायला हवं होतं."

"परत येईल ना?"

"आजच्या आज थांबलीस तर येईल असं वाटतं. लिहून नाही देणार. अजून दहा-बारा वेळा बसलीस तर वाटतही नाही."

कार्यक्रमाला तीन आठवडे होते आणि जमलेली मांडणी पक्की करायला अजून बारा खेपा तरी लागणार होत्या. दुसरं कुणी हाताशी नव्हतं. "बघते," एवढंच प्रांजल म्हणाली. बसमधून घरी येताना तिनं ठरवून टाकलं होतं. बारा खेपा करायच्या आणि कुणाला काही सांगायचं नाही. ज्या बाईनं तीस वर्षं काही मागितलं नाही तिनं एकच प्रश्न विचारला होता. आणि 'एक' गेलं तर नेमकं काय जाईल, हे तिला आता नीट कळतही नव्हतं. त्या दुखण्याचं हेच तर लक्षण होतं.

शालनबाईंनी तिला चपलाही काढू दिल्या नाहीत.

"काल पोरगी उभारली तवा तू हात धुवायला गेलीस."

"हात घाण होते."

"मी सुजयला सांगितलं, लेक उभारली तुझी, तर तो गाडी चालवत हुता तिथनं ओरडला फोनवर, ट्रॅफिक हवालदारानं थांबवला त्याला. आन् तू हात धुतेस? काय झालंय, सांग."

प्रांजलनं सांगितलं. टोपीचं, सपाट रेघेचं, बारा खेपांचं, सगळं. शालनबाई ऐकताना चिमटे जोडत राहिल्या, त्याशिवाय त्यांना ऐकूच येत नसे.

"माझ्या कोटीपायी तुझं एक घालवतेस व्हय?" त्या शेवटी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "कुणी सांगितलं तुला? मी सांगितलं?"

"तुम्ही विचारलं होतं."

"इचारलं म्हणून काय झालं? मी काय बी इचारते. परवा त्या बुवाला इचारलं, देव जेवतो का म्हणून. तो गेला का बघाया?" त्यांनी हातातलं पाकीट बंद केलं. "उद्या मी येते तुझ्याबरुबर. मला बसव त्या टोपीत. माझं चिमटं हायत, मी बघीन बरोबर हायत का न्हाईत."

"तुम्हाला सवय नाही, आत्या."

"तुला तरी कुठं हुती?"

*

सासू चार मिनिटं टोपीत बसली. पिवळं रान पसरलं. प्रांजल बाहेरच्या काचेतून बघत होती. शालनबाई रडल्या नाहीत की चकित झाल्या नाहीत. बाजारात भाजी निवडायला आल्यासारख्या डावीकडून उजवीकडे बघत गेल्या. ओठ पुटपुटत होते.

टोपी काढल्यावर त्या म्हणाल्या, "झ्याक मांडलंयस. पण कमी हायत."

"बरोब्बर एक कोटी पस्तीस लाख आहेत, आत्या."

"आगं, लाभाचं कुठं हायत?"

इकडे इनामदारबाई आलेखावरून मान वर काढायला तयार नव्हत्या. त्यांनी पुन्हा पांढरा ठिपका दाखवला. एकाची टेकडी जागच्या जागी, टोकदार. टोपी उतरून पाच मिनिटंही झाली नव्हती. "हे होत नाही," त्या म्हणाल्या. "शालनताई, बघताना तुम्ही काय म्हणत होता?"

शालनबाईंना संकोच वाटला. शाळेत नाव विचारल्यासारख्या त्या सावरून बसल्या.

"आमच्या गल्लीत तुळसामावशी म्हणून हुत्या. जोडणीचं काम त्यांनीच शिकवलं समद्या गल्ल्यास्नी. आधी त्या धान्य मापायच्या. धान्याच्या पयल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. पर मावशींची चिमट्याला गफलत झाली का काय, त्या म्हणायच्या लाभ, आन् मग एक, दोन, तीन, बारापातुर. आम्ही बी तसंच शिकलो. पयला चिमटा जोडला की लाभ म्हणायचं, पाकिटात टाकायचा, आन् मग मोजाया लागायचं."

"म्हणजे तेरा?" प्रांजलनं खुर्ची पुढे ओढली. "प्रत्येक पाकिटात?"

"पाच-सा वर्सांनी कळलं आम्हाला. कुणाच्या तरी पोरानं मोजलं. पर तवर सवय लागलेली. मावशी म्हणाल्या, असू दे, धुणं धुणाऱ्या बाईला एक वरचा मिळतोय तर मिळू दे, तिला कोण काय देतंय? मग तसंच पडलं."

प्रांजलनं गुणाकार केला. एकट्या शालनबाईंचे वरचे चिमटे सव्वा अकरा लाख. साऱ्या गल्ल्यांचे मिळून आठ कोटी. कुणी मागितले नव्हते, कुणी आभार मानले नव्हते. बहुतेकांनी मोजलेही नसतील.

"माझ्या आईनं एका चातुर्मासात तांदळाची लाखोली वाहिली हुती," शालनबाई म्हणाल्या. "लाख दाणं मोजून देवाला. चार महिनं लागलं. म्हंजे माझ्या अकरा झाल्या म्हणायच्या, आन् वर थोडं. मला वाटायचं मला शिव्यांचीच तेवढी जमती."

इनामदारबाई हसल्या नाहीत, त्या आलेख मोठा करून बघत होत्या. "प्रांजल, आपण डोंगराचा फोटो काढतो तेव्हा पायथ्याशी माणूस उभा करतो. का? डोंगर केवढा ते कळावं म्हणून. आपण कोटी दाखवताना पायथ्याचा माणूस काढून टाकतो. टोपी पट्टी वर सरकवते आणि 'एक'च्या पेशींना चार मिनिटं कामच उरत नाही. रोज असं झालं की त्या झोपतात. ह्यांचा मेंदू मात्र ते रान बघताना आपोआप डझन पाडत होता, आणि दर डझनामागे एक बाजूला काढत होता. सगळ्या रानात, एकाच वेळी." त्यांनी शालनबाईंकडे बघितलं. "तुझी सासू कोटी बघताना सव्वा अकरा लाख वेळा 'एक' बघत होती."

*

मग घरातल्या कामाची अदलाबदल झाली. सकाळी साडेनऊला शालनबाई जरीकाठी साडी नेसून प्रयोगशाळेत जात. तिथं त्यांचा वेगळा कप आला, चहात आलं कमी पडलं तर त्या सरळ सांगत. टोपीत बसून त्या मांडणी तपासायच्या. "तिकडच्या कडंला दाटी झालीया, जरा हवा खेळू द्या," असं सांगायच्या, आणि पडद्यावर दर बारांमागे एक चिमटा किंचित अलग, किंचित उजळ होत जायचा. दर खेपेनंतर इनामदारबाई ठिपका दाखवत. टेकडी हललेली नसे. प्रयोगशाळेतल्या दोन तरुण मुलांना नव्या मांडणीवर बसवलं, त्यांचीही हलली नाही. यापुढं ताऱ्यांची मांडणीही अशीच करायची, असं इनामदारबाईंनी पुण्याच्या मुख्य प्रयोगशाळेला कळवून टाकलं.

प्रांजलला टोपी बंद होती. ती घरी सोप्यात बसे. रेवा झोपली की तेवढ्यात, कधी अर्धा तास, कधी वीस मिनिटं, ती पाती घेऊन बसे. पहिल्या दिवशी तिचे अंगठे सोलवटले. स्प्रिंग निसटून कपाटाखाली जाई. दोन दिवसांनी पाकिटं जमू लागली, दिवसाला नऊ. नऊ पाकिटांनंतर पाठ धरायची आणि सव्वाशेचा आकडा आठवला की ती हात कपाळाला लावायची. टोपीत तिला सासूचं कोटी कळलं होतं, पण सासूचा एक दिवस आत्ता कळत होता.

"लाभ," ती म्हणायची. काही वाटायचं नाही. "एक. दोन." दुसऱ्या आठवड्यातही रेघ सपाटच होती. रेवा चार पावलं चालली तेव्हा प्रांजलनं मुद्दाम टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना आपण मुद्दाम वाजवतोय हे तिला कळत होतं. शालनबाईंनाही कळलं असावं, त्यांनी नजर फिरवली.

एकदा ती म्हणाली, "आत्या, नाहीच आलं तर?"

शालनबाईंनी रेवाला मांडीवर ओढलं. "तर मी हाय की," त्या म्हणाल्या. "तिचं काय काय झालं ते मी सांगत जाईन तुला. तू ऐकत जा."

*

कार्यक्रम कारखान्याच्या मोकळ्या गोदामात होता. दोनशे तीस बायका, गजरे माळून, ओळीनं खुर्च्यांवर. टोप्या घालताना अंबाड्यांची पंचाईत झाली, हशा झाला. मगदूम साहेबानं आधी चार शब्द बोलायचे होते. फलकावर शहाण्णव कोटी लिहू की एकशे चार, असं त्यानं प्रांजलला विचारलं होतं आणि वर म्हणाला होता, "पात्यांची तूट पडते ती कुठं जाते हे कारखाना काढणाऱ्या आमच्या आजोबांना ठाऊक होतं. ते म्हणायचे, आपल्या मालात तेवढी एकच गोष्ट आपल्याला न विचारता चांगली झाली आहे, तिला हात लावू नका." फलकावर एकशे चार कोटी लिहिलं होतं.

दिवे मंदावले. दोनशे तीस टोप्या एकदम चालू झाल्या. साऱ्या गोदामात टोपीविना एकटी प्रांजल, रेवाला कडेवर घेऊन भिंतीशी उभी.

तिला पडद्यावर पिवळा रंग दिसत होता, बस. म्हणून ती बायकांचे चेहरे बघत राहिली. आधी सगळे कोरे होते. मग पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं तोंडावर पदर घेतला. तिच्या शेजारणीनं न बघताच तिचा हात धरला. कुणी मान हलवत होतं, नाही नाही, एवढं कुठं, आपण कुठं एवढं, असं. आणि मग मागून पुढे, कुणी न सांगता, ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. दोनशे तीस तोंडं एकच शब्द म्हणत होती आणि तो कुठला हे प्रांजलला ऐकू यायची गरज नव्हती.

रेवा किरकिरली. तिला गप्प करायला प्रांजलनं आपलं बोट तिच्या तोंडात दिलं. रेवानं ते कचकन चावलं.

प्रांजलनं बोट काढलं नाही. खालच्या हिरडीवर, मधोमध, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचत होतं. तिनं बोट हळूच फिरवलं. होतं.

एक. आणि त्या 'एक'ला वजन होतं. हे कुणाला तरी आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं. तिनं इकडंतिकडं बघितलं. दोनशे तीस बायका आपापले कोटी बघण्यात गढल्या होत्या. चार मिनिटं इतकी लांब असतात हे तिला एक्केचाळीस खेपांत कळलं नव्हतं.

दिवे लागले. शालनबाईंनी टोपी काढली, पदरानं डोळे टिपले आणि सुनेला शोधत भिंतीशी आल्या. त्यांना खूप काही सांगायचं होतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं.

"आगं पोरी, केवढं—"

"आत्या, ते राहू द्या," प्रांजल म्हणाली. "आधी इथं बोट घाला. इथं, खाली. हिला दात आलाय."